गावात कोणी नाही, सगळे जेवायला गेलेत

शनिवारी पहाटे सव्वापाचला आमच्या सोसायटीत गाड्यांचे दिवे लागतात. पूर्वी एवढ्या पहाटे खाली हालचाल दिसली की बायका गॅलरीत येऊन दबक्या आवाजात विचारायच्या, "कोण गेलं?" आताही तेच विचारतात, उत्तर तेवढं बदललंय. दुसऱ्या मजल्यावरचे गेले. कुठे? नाशिकला. अगंबाई, काही बरंवाईट? छे हो, मिसळ खायला.

ऐकलंत ना? मिसळ खायला. पुण्याहून नाशिक दोनशे किलोमीटरच्या वर. वाटेत राजगुरुनगर, नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, सिन्नर. यातल्या प्रत्येक गावात मिसळ मिळते आणि बरी मिळते. पुण्यात तर कुठली मिसळ खरी यावरून सख्ख्या भावांनी अबोला धरलेली घरं आहेत. पण नाही. ज्या पोराला शाळेच्या बससाठी उठवताना रोज घर डोक्यावर घ्यावं लागतं, तेच पोर शनिवारी साडेचारला दात घासून, बूट घालून दारात उभं. सासूबाईंना गोळ्यांच्या डबीसकट मधल्या सीटवर बसवलंय. आणि निघाली सगळी वरात मटकीच्या दिशेने.

मी कोणाचं नाव घेणार नाही. घ्यायची गरजही पडत नाही, नऊच्या आत ते स्वतःच स्टेटस ठेवतात.

बरं, तिथे गेल्यावर तरी मुकाट्याने खावं आणि परत यावं? नाशिकची मिसळ आता हॉटेलात बसून खायची गोष्ट राहिलेली नाही म्हणे. तिला मळा लागतो. शहराबाहेर झाडांखाली, द्राक्षाच्या वेलींच्या कडेला खाटा टाकलेल्या, पोरांना झोके, घोडा, बैलगाडी. मिसळीबरोबर पापड, दही, वर जिलबी. नंबर पुकारेपर्यंत तासभर जातो, तेवढ्यात सगळं कुटुंब एकेका कोनातून फोटो काढून घेतं. मिसळ समोर आल्यावर पहिला घास कोण घेतं? फोन. मग फोनचं पोट भरलं की माणसं. तोवर तर्री थंड, फरसाण मऊ. आणि हे सगळं कशावर शिजलेलं, तर चुलीवर.

या चुलीविषयी मला जरा बोलायचंय. चूल काय आमच्या आजीने पाहिली नव्हती? सगळा जन्म फुंकणीने फुंकून डोळे गेले तिचे. बायकांच्या छातीत धूर जाऊ नये म्हणून सरकारने २०१६ मध्ये उज्ज्वला योजना काढली, खेड्यापाड्यात गॅसच्या टाक्या पोचवल्या. आणि इकडे पाइपचा गॅस असलेल्या बायका पेट्रोल जाळून चूल बघायला निघाल्या! नाशिक रस्ता घ्या, सातारा रस्ता घ्या, नगर रस्ता घ्या. चुलीवरची मिसळ, चुलीवरचं मटण, चुलीवरची भाकरी. एके ठिकाणी तर चुलीवरचा चहा. पाटीवर ‘चुलीवरची’ लिहिलं नसेल तर गाडीचा वेगसुद्धा कमी होत नाही. एका ढाब्यात चूल अगदी दर्शनी भागात, सारवलेली, दोन बाजूंना झेंडूची माळ. भाकऱ्या थापणाऱ्या बाईंना मी हळूच विचारलं, "तुमच्या घरी पण चूलच का हो?" त्या हसल्या. म्हणाल्या, "छ्या, घरी गॅस हाय. हितं सायेब लोकांना धूर लागतो."

माझ्या सासूबाई सांगतात, त्यांच्या वेळी प्रवास म्हणजे आदल्या रात्रीपासून दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी. पाण्याला फिरकीचा तांब्या. एसटी स्टँडवर थांबली की पुरुषमंडळी उतरून चहा घेणार, बाहेरचं खाणं संपलं. हॉटेलात जेवतो तो एकतर बिनलग्नाचा नाहीतर बायकोशी भांडलेला, असा सरळ हिशोब. कोकणात गेलं की कोणाच्या तरी आत्याकडे उतरायचं. आत्या अजून तिथेच आहे हो. तिच्या दारावरून आमच्या लोकांची गाडी जाते, पण हॉर्नसुद्धा वाजत नाही. कारण काय, तर आत्याच्या कुळथाच्या पिठीला रिव्ह्यू नाहीत.

हे रिव्ह्यूचं प्रकरण तर विचारू नका. गाडी चालवतात भाऊजी, पण ती कुठे थांबणार हे ठरवते मागच्या सीटवरची मोठी मुलगी. ४.१ असेल तर काच खालीसुद्धा करायची नाही. ४.३ ला विचार करू. ४.९ असेल तर "यांनी चुलतभावांकडून मार्क घेतलेत" म्हणून पुढे. फोटोत पितळेची ताटं दिसतात का, पार्किंग आहे का, मिरचीचं चित्र काढलंय ते किती मिरच्यांचं. त्यात एकाला गुरुवार, एकीला चतुर्थी, आजोबांना आम्लपित्त, आणि धाकट्याला कुठेही न्या, मंचुरियनच हवं. सासूबाईंचा प्रश्न एकच असतो: "तिथलं बाथरूम स्वच्छ आहे का?" आणि खरं सांगते, एवढ्या सगळ्या चौकशीत कामाचा प्रश्न तेवढा एक. त्याचंच उत्तर कुठे सापडत नाही.

पण नाशिक म्हणजे बालवर्ग. मोठी परीक्षा कोल्हापूरची.

आमच्या बी विंगमधल्या वहिनींनी कोल्हापूरचा जो बेत आखला होता, तो मी माझ्या डोळ्यांनी वाचलाय. सकाळी साडेआठला मिसळ. ती आधी, कारण दुपार झाली की मिसळवाले आवरायला घेतात आणि कट संपला की संपला, मग तुम्ही कोण, कुठून आलात, कोणी विचारत नाही. त्यानंतर अंबाबाई. हा क्रमही विचारपूर्वक लावलेला, देवीच्या आधी मिसळ चालते, मटण चालत नाही. रांग मोठी असेल तर मुखदर्शन. तिथून थेट मटण. संध्याकाळी रंकाळ्यावर वारा आणि भेळ. रात्री गंगावेशीत दूध, म्हशीची समोर धार काढून, फेसासकट ग्लासात. म्हणजे कट, मटण, चिंचेचं पाणी आणि धारोष्ण दूध, एकाच दिवशी एकाच पोटात! आयुर्वेदाने याला विरुद्ध आहार म्हटलंय. वहिनी म्हणाल्या, "सगळं कव्हर झालं."

त्यात मिसळीच्या टेबलावरच पहिली ठिणगी पडली. कोल्हापुरात मिसळीबरोबर स्लाइस ब्रेड येतो. भाऊजींनी पाव मागितला. पोऱ्याने एकदा भाऊजींकडे पाहिलं, एकदा गाडीच्या नंबरप्लेटकडे पाहिलं आणि म्हणाला, "पाव पुण्यात मिळतोय की. ब्रेड खावा." भाऊजी आता सगळ्यांना सांगत सुटलेत की काय अस्सल माणसं आहेत तिथली! हेच वाक्य पुण्यातल्या दुकानदाराने ऐकवलं असतं तर ग्राहक मंचाकडे गेले असते.

आणि मटण! थाळीत तांबडा-पांढरा मागाल तेवढा, वाटी रिकामी दिसली की वाढपी धावत येतो. मटण मात्र मोजून. आमची माणसं रश्श्यावर अशी तुटून पडतात की त्यांना फोडींचा हिशोबच राहत नाही. पांढरा रस्सा म्हणजे मटणाचं अळणी पाणी, नारळाचं दूध, काजू-खसखस, हे सगळं वहिनी मला आता शिकवतात. पंचवीस वर्षं त्यांच्या घरातून मटणाचा वास आला नव्हता. आणि याच कोल्हापुरात २०१९ च्या अखेरीस मटणाचा दर वाढला म्हणून आंदोलन झालं होतं बरं का. कृती समित्या, बैठका, दुकानं बंद, सगळं साग्रसंगीत. ते लोक मटणाचा भाव किलोवर पाहतात आणि रस्त्यावर उतरतात. आमचे लोक त्याच गावात थाळीला सांगतील तेवढे मोजतात आणि वर ‘एकदम वसूल’ लिहून येतात. याच माणसांना मी कोथिंबिरीच्या जुडीवरून भाजीवाल्याशी पाच मिनिटं हुज्जत घालताना पाहिलंय.

आता कोकण. कोकणाबद्दल बोलताना मला जरा आवाज खाली करावा लागतो, कारण प्रकरण आमच्याच मजल्यावरचं आहे. ही मंडळी जुलैत मालवणला गेली. जुलैत! १ जून ते ३१ जुलै समुद्रातली यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. दर वर्षी असते. माशांच्या विणीचे दिवस, वर दर्या खवळलेला. बोटी किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवलेल्या. या मंडळींनी त्या झाकलेल्या बोटींपुढे उभं राहून छान फोटो काढला, हॉटेलात गेली आणि विचारलं काय? "आज फ्रेश काय आहे?" वेटरने मान खाली घालून सांगितलं, "सगळंच फ्रेश." आता खोटं तरी कसं म्हणावं, फ्रीजरमधून नुकतंच बाहेर काढलं असणार. सुरमईच्या तुकड्याचा दर ऐकून आजोबांनी चष्मा काढून पुन्हा घातला. तरी मागवली.

खरं तर त्या दिवसांत तिथल्या घरात काय शिजतं? सुका बांगडा भाजतात, सुकट, कुळथाची पिठी, पावसाळी रानभाज्या. खाडीत मिळतील ते मासे, तिसऱ्या, कुर्ल्या. ताटात हे पडलं तर आमचे लोक म्हणतील, "हे काय, स्पेशल काही नाही का?" त्यांना बारा महिने सुरमई-पापलेटच पाहिजे. नारळी पौर्णिमेला कोळी दर्याला नारळ देतात, मग नव्याने मासेमारीला लागतात, एवढी वाट समुद्राची पाहायची असते. पण आमच्या लोकांना लाँग वीकेंड पंधरा ऑगस्टच्या आधी मिळाला तर त्यांनी तरी काय करावं?

आणि घरगुती खाणावळ. कोकणात त्या बायकांचा नियम अगदी साधा: आदल्या दिवशी कळवा. माणसं किती, मासे खाणारी किती, मोदक हवेत का. नारळ खवायचा असतो, उकड काढायची असते, बाजारातून काय मिळेल ते पाहायचं असतं. आमची मंडळी अडीच वाजता अकरा जणांनिशी दारात. ओटीवरच्या आजी म्हणाल्या, "काल सांगितलं असतंत तर केलं असतं हो. आता पिठलंभात होईल, बसा." याचा यांना राग! पिठलंभात काय, तो तर घरी पण मिळतो. तरातरा निघाले आणि हायवेवर जाऊन पनीर टिक्का खाल्ला. संध्याकाळी ‘ऑथेंटिक कोकण’ म्हणून फोटो टाकला तो मात्र आजींच्या ओटीचा.

सिंहगडाची गोष्ट तुम्हाला माहीतच आहे, ती मी लांबवत नाही. गाडीने वर जायचं, पिठलं-भाकरी, कांदाभजी, मडक्यातलं दही, आणि गाडीने खाली यायचं. तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीपर्यंत जायला म्हणे पोट जड होतं.

भिगवणला मात्र कमाल झाली. उजनीच्या पाण्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, म्हणजे तेच ते फ्लेमिंगो. कुंभारगावातून होडीने जाऊन पाहायचे. चौथ्या मजल्यावरच्यांनी त्यासाठी दुर्बीण घेतली, हातभर लेन्स घेतली, पोरांना पक्ष्यांचं पुस्तक घेतलं. मी म्हटलं चला, एक तरी घर ज्ञानाच्या मागे लागलं. दुपारी ग्रुपवर फोटो आले. पहिला फोटो चिलापीचा. दुसरा तळलेल्या चिलापीचा. तिसरा चिलापीच्या रश्श्याचा. पक्षी एकाच फोटोत होते, तेही मेनूकार्डाच्या मागे भिंतीवर रंगवलेले. सोलापूर रस्त्यावर या माशांच्या हॉटेलांची रांगच लागलीय. "इथला लोकल मासा आहे," असं त्यांनी मला ठासून सांगितलं. चिलापी मूळची आफ्रिकेतली, पण कोणाचा आनंद का घालवा, मी गप्प बसले.

हुरड्याचं पण असंच केलं यांनी. शेतात कोवळ्या ज्वारीची कणसं, गोवऱ्यांची आगटी, हातावर चोळून काढलेला गरम हुरडा, त्याबरोबर लसणाची नाहीतर तिळाची चटणी. हे पाहुणा म्हणून कोणाच्या शेतावर गेलात की मिळायचं. आता त्याचं तिकीट आहे. तिकिटात बैलगाडी, पतंग, जादूचे प्रयोग आणि, हात जोडते तुमच्यापुढे, रेन डान्स. जानेवारीत! हुरड्याच्या वावरात! तिकडे रायगडात पोपटीची तीच गत. वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, भांबुर्ड्याचा पाला, मडकं उपडं घालून भोवती जाळ, थंडीची रात्र आणि शेतात बसलेली चार टवाळ माणसं, अशी ती पोपटी. एका रिसॉर्टमध्ये दुपारी दोन वाजता स्विमिंग पूलच्या कडेला ‘पोपटी काउंटर’ लावलेला मी पाहिला. टोपी घातलेला शेफ चिमट्याने शेंगा वाढत होता.

थाळ्यांनी तर सगळी भीड सोडली. सरपंच थाळी, पाटील थाळी, बाहुबली थाळी, रावण थाळी. २०२१ च्या सुरुवातीला वडगाव मावळच्या एका हॉटेलाने जाहीरच करून टाकलं की ही मांसाहारी थाळी तासाभरात संपवा आणि बुलेट मोटारसायकल घेऊन जा. गाड्या दारात उभ्या करून ठेवलेल्या. लांबलांबून माणसं आली. सासूबाईंना मी बातमी वाचून दाखवली. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "आमच्याकडे हावरटासारखं खाल्लं तर पाठीत धपाटा मिळायचा. मोटारसायकल कधीपासून द्यायला लागले?" मग तो तुळजापूरकडचा ढाबेवाला, "नाद करती का, यावंच लागतंय!" एवढं एक वाक्य मोबाइलवर म्हणाला आणि माणसं खरोखर गेली हो. मटण कसं आहे हे नंतर. आधी तो माणूस दिसतो का ते पाहायला.

इथपर्यंत मी सगळं पचवलं. म्हटलं पुण्या-मुंबईचे लोक, पैसा आलाय, एक्सप्रेसवे आहे, गाडीत एसी आहे, चाकं फिरवायला निमित्त लागतं. पण मला धक्का बसला तो आमच्या कोल्हापूरच्या नणंदेकडून.

बी विंगची वरात त्या गावाला निघाली, तेव्हा मी मुद्दाम वन्संना फोन केला. म्हटलं, जरा यांना बरं ठिकाण सांगा, नाहीतर घरीच चार घास वाढा. तर पलीकडून लाटांचा आवाज. "वहिनी, आम्ही कुठं हाय तिथं? आम्ही मालवणात! मासं खायला आलोय. दर दोन महिन्यानं येतोय की." अहो, ज्या बाईच्या हातच्या रश्श्यासाठी माणसं अडीचशे किलोमीटर येतात, ती बाई घराला कुलूप लावून दुसरीकडे जेवायला! मी विचारलं, "आणि रविवारी मटण कोण करणार?" तर म्हणे, "परत येऊन करू की संध्याकाळी." तेवढं एक बरं.

मग मी मालवणच्या ओळखीच्या बाईंना फोन लावला. त्या घरात नव्हत्या. बेळगावला गेलेल्या, येताना कुंदा आणणार होत्या. बेळगावातले कुठे? गोव्याला, मासे खायला. म्हणजे बघा, फोंडा घाट, करूळ घाट, आंबोली, सगळे घाट शनिवारी का भरतात ते माझ्या आत्ता लक्षात आलं. वरून भाजीच्या गाड्या खाली उतरतात, खालून मासळीच्या वर चढतात. ते एक समजू शकते. पण त्यांच्या मागोमाग वरची माणसं खाली आणि खालची वर! घाटात दोघं एकमेकांना डिपर मारतात, आणि दोघांच्याही मनात एकच, "हे एवढे लोक कुठे निघालेत?"

आणि याचा परिणाम काय होतोय सांगू? हॉटेलवाला काही बावळट नाही. समोर आलेला माणूस आपल्या गावचा नाही हे त्याला पाण्याचा ग्लास ठेवतानाच कळतं. मग कोल्हापुरात विचारतात, "मीडियम करू का?" मालवणात तिरफळं घातलेला बांगडा मागितला तर म्हणतात, "तुम्हाला आवडणार नाही, रवा फ्राय घ्या." नाशिकच्या मळ्यात कोल्हापुरी मिसळ, कोल्हापूरच्या हायवेला मालवणी थाळी, मालवणात ‘खास कोल्हापुरी तांबडा-पांढरा’. सगळ्यांना सगळीकडचं खायचंय, मग सगळीकडे सगळंच मिळणार. मेन्यूकार्ड उघडलं की भूगोलाचं पुस्तक उघडल्याचा भास होतो. गावातल्या माणसाला विचारा, तो म्हणतो, "रविवारी आम्ही त्या बाजूला जातच नाही. मंगळवारी जातो, तेव्हा खरं करतात." म्हणजे खरं खायचं असेल तर मंगळवारी जायला हवं. पण मंगळवारी मुलांची शाळा, साहेबांची मीटिंग आणि सासूबाईंचा उपास. त्यामुळे आपल्या नशिबी कायम रविवारची चव.

परत येताना डिकी काय काय आणते ते तर मी रोज पाहते. साताऱ्याचे कंदी पेढे, सांगलीचं भडंग, नृसिंहवाडीची कवठाची बर्फी, कांदा-लसूण मसाल्याची दोन-दोन किलोची पाकिटं, कोकमाचं आगळ. हे सगळं लहान लहान डब्यांत भरून सोसायटीत वाटतात. प्रेमाने नव्हे हो. जाऊन आल्याचा पुरावा म्हणून. आणि सोमवारी रात्री त्याच घरात काय शिजतं? खिचडी. मंगळवारी? ऑनलाइन मागवलेली बिर्याणी. मसाल्याची पाकिटं पुढच्या वर्षीच्या मसाल्याच्या पाकिटांची वाट पाहत फ्रीजमध्ये.

तुम्ही म्हणाल, ही बाई एवढी बोलते, ही काय घरी बसून राहते? तर नाही. आमच्याकडेही परवा ठराव झालाय. चंपाषष्ठी झाली, वांगी खायला सुरुवात झाली, आता म्हणे जळगाव. भरीत खायला! पुण्याहून चारशे किलोमीटरच्या घरात. मी म्हटलं, वांगं आपल्या गॅसवर भाजता येतं. तर मुलीने मलाच शिकवलं. त्या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे, ते कपाशीच्या काड्यांवर भाजतात, बामणोदचं भरीत काय असतं तुला ठाऊक नाही, त्याबरोबर कळण्याची भाकरी लागते. हिला गेल्या आठवड्यात वांग्याची भाजी केली तर ताटाबाहेर ढकलली होती.

पण म्हटलं ठीक आहे, जळगावला माझी मावसबहीण आहे. आत्याचं झालं ते हिचं नको. आपण आधी कळवायचं, रीतसर, आठ दिवस आधी. फोन केला. ती एवढी खूश झाली, म्हणाली, "या ना ताई, नक्की या! फक्त आम्ही नसू गं शनिवार-रविवार."

"का? कुठे जाताय?"

"पुण्याला. पोरांनी पाहून ठेवलंय एक ठिकाण, मिसळीचं. तुमच्याच गल्लीच्या तोंडाशी आहे म्हणे. कशी आहे गं तिथली?"

मला काय माहीत! तिथे रविवारी एवढी गर्दी असते, बाहेरगावच्या गाड्या अशा आडव्यातिडव्या लावलेल्या असतात, की आम्ही त्या बाजूने जातच नाही.

तर आता असं ठरलंय. त्यांची किल्ली शेजारच्या वाण्याकडे, आमची वॉचमनकडे. त्यांनी आमच्याकडे उतरायचं, आम्ही त्यांच्याकडे. दोन्ही फ्रीज रिकामे करून ठेवायचे, कारण येताना सामान फार असणार. आणि कपाशीच्या काड्या मिळतील का, असं मुलगी विचारतेय. तिला म्हणे त्या घेऊन यायच्या आहेत, गॅलरीत भरीत करायला. चेअरमनना अजून काही सांगितलेलं नाही.